आयचं कापडी घर

उलव्याला आम्ही राहतो त्या इमारतीची गच्ची दरवर्षी गळते आणि दरवर्षी कोणीतरी नवा माणूस येऊन दहा वर्षांची हमी देऊन जातो. यंदा आलेल्याने चकचकीत कागदावर छापलेली चित्रं आणली होती. पहिला थर, दुसरा थर, मध्ये जाळी, वर पांढरा रंग. सोसायटीच्या सभेत सगळे माना डोलावत होते. मी मागच्या खुर्चीवरून विचारलं, "हे वाळायला किती दिवस लागतात?" तो हसला आणि म्हणाला, "आजी, त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका." मला राग आला. आजी म्हटल्याचा नव्हे, केस पांढरे झालेत तेव्हा ते चालायचंच. वाळण्याचा प्रश्न त्याला किरकोळ वाटला याचा राग आला. माझ्या आईचं आयुष्य एका न वाळलेल्या कापडापायी फिरलं, हे त्याला सांगून काय उपयोग होता? मी उठून घरी आले आणि इतकी वर्षं टाळलेलं हे प्रकरण लिहायला बसले.

आमचं घर गव्हाणला. माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, असे दोन भाऊ एकत्र. थोरल्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, त्यांच्या बायकोला आम्ही मोठीआय म्हणायचो. वडिलांना मी दादा म्हणत असे आणि आईला आय. आबांना एक मुलगी, कुसुम, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दादांना मी एकटीच. कौलारू घर, पुढे पडवी, मागे परसू, परसवात एक रिकामी खोली, आणि पुढच्या अंगणात भात झोडायचं खळं. दुपारी बाराच्या सुमाराला डोंगराकडे सुरुंग उडायचे, त्यासरशी मांडणीतली ताटं किणकिणायची आणि मोठीआय न चुकता दगड फोडणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण घरातला खरा आवाज म्हणजे तिच्या कमरेच्या किल्ल्यांचा. कोठीची किल्ली, सुकटीच्या डब्याची किल्ली, तुपाच्या कपाटाची किल्ली. ती चालली की आधी किल्ल्या ऐकू यायच्या आणि त्या ऐकून आय हातातलं काम बदलायची. बसलेली असली तर उठायची. उभी असली तर वाकायची.

जेवायला आबा, मग दादा, मग कुसुम आणि मी, मग मोठीआय आणि सर्वांत शेवटी आय. रविवारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी व्हायची, बाकीचे दिवस जवळा नाही तर बोंबील. वाढायचं मोठीआयने. आयच्या ताटात काय पडेल ते मला न बघता सांगता यायचं: शेपटीचा तुकडा आणि पातेल्याच्या बुडाचा रस्सा. रांधलेलं सगळं आयच्या हातचं, हे विशेष. आबा बोटं चाटत म्हणायचे, "मोठीच्या हाताला चव हाय," आणि मोठीआय पदर सारखा करायची. हे ऐकून दादांनी कधी मान वर केली नाही. त्यांना वाईट माणूस कोणी म्हणणार नाही. माझ्या वडिलांसारखी चांगली माणसं घरात असली की वाईट माणसांचं काम फार सोपं होतं, हे मी आता साठी उलटल्यावर म्हणू शकते. तेव्हा मला ते देवमाणूस वाटायचे.

दादा खाडीपलीकडे बंदराचं काम करणाऱ्या एका परदेशी कंपनीत जीप चालवायचे. कंपनीतला एक गोरा साहेब मायदेशी परत गेला तेव्हा त्याने आपली घडीची गाडी दादांना देऊन टाकली. दोन चाकांची, पत्र्याची, जीपच्या मागे जोडायची पेटीच म्हणा. झाकण दोन्ही बाजूंना उघडलं की दोन फळ्या, त्यांच्यावर दोन माणसं झोपतील एवढी जागा. मधल्या नळ्या ताणून उभ्या केल्या की वर जाड कॅनव्हासचं तंबूसारखं छप्पर उभं राहायचं, त्याला खिडक्यासुद्धा. साहेब म्हणे सुट्टीत ती घेऊन डोंगरात जायचा. स्वतःचं चांगलं घर असताना माणूस हौसेने कापडात झोपायला जातो, यावर गावाने महिनाभर चर्चा केली. शेवटी तिचं नाव 'पेटी' पडलं आणि ती आमच्या खळ्याच्या कडेला कोंबड्यांना बसायला झाली.

मी तेव्हा पनवेलला अकरावीत जात असे. पहाटे बस, दुपारी परत, डब्यात भाकरी आणि चटणी. एक दिवस आयने माझ्या डब्यात एक उकडलेलं अंडं घातलं. मी निघता निघता पडवीत किल्ल्या वाजल्या. मोठीआयने माझ्या हातातून डबा घेतला, उघडला आणि सगळ्यांसमोर ताटात उपडा केला. भाकरी, चटणी, अंडं.

"कुणाला विचारून घेतलंस गो?" तिने आयला विचारलं.

"पोरगी दिसभर उपाशी ऱ्हाते, वयनी. एक अंडं घातलं."

"आज अंडं, उद्या कोंबडी. इचारायची पद्धत हाय ना घरात?"

आबा तंबाखू मळत होते. दादा जीपची किल्ली शोधत होते, ती त्यांच्या हातातच होती. आयने भाकरी पुन्हा डब्यात भरली, अंडं ताटातच ठेवलं आणि मला म्हणाली, "जा, बस चुकंल." मी दुपारी परत आले तेव्हा पेटी उघडलेली होती, कोंबड्या हाकललेल्या होत्या आणि खळ्याच्या कडेला तीन दगड मांडून आय भात शिजवत होती.

वेगळी चूल म्हणजे काय, हे आज फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या नातवंडांना समजावून सांगता येत नाही. चूल वेगळी झाली की घर वाटलं गेलं. मग शेत, मग मान, मग लग्नकार्यातली जागा, सगळंच. आयने ते तीन दगड मांडले तेव्हा आबांच्या घराला तडा गेला, असं गाव समजणार होतं. संध्याकाळी आबा स्वतः खळ्यावर आले. ओरडले नाहीत. ते ओरडायचे नाहीत कधी, त्यांना गरज नसायची.

"बघ, मी काय वाईट माणूस नाय," ते आयला म्हणाले. "तुला वेगळं ऱ्हायाचंय, ऱ्हा. ह्या पेटीत पावसाळा काढून दाखव. दसऱ्यापर्यंत टिकलीस तर परसवाची खोली तुझी, चूल तुझी, मी गावासमोर बोलतो. नाय टिकलीस, तर घरात यायचं, मोठीच्या हाताखाली गप काम करायचं आणि वेगळ्या चुलीचं नाव पुन्हा काढायचं नाय. मंजूर?"

"मंजूर," आय म्हणाली.

आबा जाताना छपराकडे बघून हसले, आणि त्यांनी का हसू नये? कॅनव्हासला चार ठिकाणी उंदरांनी कुरतडलं होतं, शिवणी उसवल्या होत्या आणि कापडावर काळ्या बुरशीचे डाग होते. आयने त्याच संध्याकाळी त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. अर्धं पाणी आत आलं. आमच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो ते वेगळं सांगायला नको. एप्रिल सरत आला होता. नवी ताडपत्री आणायची ऐपत नव्हती, आणि दादांचा सगळा पगार आबांच्या हातात जात असल्यामुळे त्यांच्याकडे मागण्यात अर्थही नव्हता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी आयला जशी बघितली तशी पुन्हा कधी बघितली नाही. ती गाणं म्हणायची. खरंच, माझी आय कापड घासता घासता मोठ्याने गाणं म्हणायची. आधी तिने छप्पर नळ्यांवरून उतरवलं, उन्हात घातलं, कोरड्या कुंच्याने बुरशी झाडली, मग नारळाच्या शेंडीने आणि साध्या पाण्याने घासलं. साबण लावला नाही, साबण कापडात राहिला तर पाणी आत ओढतो म्हणाली. फाटलेल्या जागी जुन्या पोत्याची ठिगळं, दोन्ही बाजूंनी, दाभणाने. हे सगळं तिला कुठून ठाऊक, असं मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या बापाच्या मचव्याचं शीड मीच शिवायची." तिचं माहेर उरणकडे, खाडीच्या तोंडाला. लग्नाआधी तिला काय काय येत होतं हे आमच्या घरात कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मेण हवं होतं. तेव्हा रोज दिवे जायचे, त्यामुळे घरोघरी मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे असायचे. आयने मला पिशवी दिली आणि गावात पाठवलं. सोळा वर्षांच्या, पनवेलला शिकणाऱ्या मुलीने दारोदार जाऊन जळक्या मेणबत्त्या मागायच्या! बायका द्यायच्या, पण वर विचारायच्या, "पेटीत लावायला काय गो?" आणि आत वळून हसायच्या. बसमध्ये माझ्या वर्गातल्या दोघीजणी मला 'पेटीवाली' म्हणायला लागल्या होत्या. मी तुकड्यांची पिशवी आयच्या पुढ्यात टाकली की ती एकेक तुकडा निवडायची, काजळी खरवडायची आणि म्हणायची, "बघ, गावानं आपलं छप्पर दिलं." तिला त्यात अपमान दिसतच नव्हता. मला त्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. रात्री आयशेजारी पेटीच्या फळीवर झोपायचं सोडून मला घरात परत जायचं होतं. कुसुमच्या खोलीत रेडिओ होता, आरसा होता, आणि तिला स्थळं बघायला सुरुवात झाल्यामुळे रोज कोणती साडी नेसायची याच्या गप्पा होत्या. आय लढत होती ती माझ्या डब्यातल्या अंड्यासाठी, आणि मला ते अंडं नसतं तरी चाललं असतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचंच तर खरं लिहावं.

तेल आणि राळ घेऊन हरीमामा आला. हा आयचा धाकटा भाऊ, अजून मचवा चालवणारा. बोटी रंगवायच्या जागी डब्यांच्या तळाशी उरलेलं उकळलेलं जवसाचं तेल त्याने गोळा करून आणलं होतं. एका मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान डबा, त्या डब्यात मेण आणि राळ, वितळल्यावर खाली उतरवून तेल. चुलीवर थेट ठेवायचं नाही. कापड उन्हात तापलं की कोमट मिश्रण कुंच्याने घासून घासून आत मुरवायचं, शिवणींवर दोनदा. मामा एका बाजूने, आय दुसऱ्या बाजूने, मी डबा धरून. सगळं अंगण त्या वासाने भरून गेलं. कडवट, डोक्यात जाणारा वास. कापडाचा रंग गुळासारखा झाला. संपल्यावर खळ्यावर दोर बांधून ते वाळत घातलं, आणि मामाने आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं:

"सात-आठ दिस वाऱ्यावर ऱ्हाऊ दे. बोट लावून बघायचं, बोटाला चिकटलं नाय म्हंजे झायलं. तोवर घडी घालायची नाय. रातच्याला खाडीची ओल येते, तवा उतरवून पेटीवर सैल टाका, पन घडी नाय. हे तेल वाळताना गरम होतं. वाऱ्यात कळत नाय. घडीत कोंडलं का आतल्या आत जळतं. आमच्या बंदरावर एकाचं शीड असंच गेलं."

"ऐकलंस काय सुमे?" आय म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आयने कापडाच्या एका कोपऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी थेंबाथेंबाने गोल होऊन घरंगळलं, एक टिपूस आत आला नाही. तिने दादांना हात धरून तिथे आणलं आणि पुन्हा ओतून दाखवलं. दादा म्हणाले, "वा!" त्यांनी पडवीकडे एकदा बघून घेतलं, आबा नाहीत ना ते, आणि मगच म्हणाले. आयला तेवढंही पुरलं. परसवाच्या खोलीत चूल कोणत्या कोपऱ्यात घालायची, हे तिने त्या दुपारी मला काडीने जमिनीवर काढून दाखवलं. खिडकीखाली. धूर बाहेर जाईल आणि चुलीपुढे बसून दारात कोण आलं ते दिसेल.

चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला. हरीमामा मचव्यावरून पडला होता, पाय मोडला होता. आयने हातातलं टाकलं. परत यायला रात्र होणार म्हणून तिने कापड दोरावरून ओढून काढलं, पेटीवर कसंतरी पसरलं आणि नेसत्या लुगड्यानिशी रडत बस पकडायला धावली. त्या रात्री ती माहेरीच राहिली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला बघायला पाहुणे येणार होते.

मोठीआयने पहाटेच अंगण सारवून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून ती पेटीकडे बघत राहिली. दादांना हाक मारली. मी पडवीत वेणी घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"पावन्यांना काय सांगायचं? घरात दोन चुली हायत म्हनून? पोरीचं जमता जमता मोडंल. आणि हा वास!"

"कापड हाय नुसतं, वयनी."

"तीन दगड पन हायत. ते मी उचलते. कापडाचं तू बघ."

एवढ्यात आबा बाहेर आले. ते दादांना काहीच म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले. माझ्या वडिलांना तेवढं पुरेसं असायचं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सुमे, ती कापडं घडी घालून पेटीत टाक आणि झाकण लाव. वरून चादर घाल. पावने गेले का काढू."

"मामा बोललाय घडी..." मी सुरुवात केली.

"एका दिसानं काय होतंय? आतापावतर वाळलंच असंल."

मी बोट लावून बघितलं. बोट चिकटलं. मी ते त्यांना सांगितलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. निदान एक दिवस अंगण चारचौघांसारखं दिसेल, पाहुण्यांतली कोणी पोरगी मला पेटीवाली म्हणणार नाही. मी कापडाची घडी घातली. आणि चांगली घातली! कोपऱ्याला कोपरा जुळवून, हाताने दाबून दाबून. झाकण लागेना तेव्हा मी त्याच्यावर चढून बसले आणि खटका लावला. मग हात राखेने घासले, कुसुमने दिलेली गुलाबी साडी नेसले आणि पाहुण्यांना पोहे नेऊन दिले. स्थळ पसंत पडलं. पाहुणे जेवून, पान खाऊन, ऊन उतरल्यावर गेले. संध्याकाळी मी चादर काढताना पेटीच्या झाकणाला हात लागला. पत्रा गरम होता. दिवसभर उन्हात होता म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं. दादांना विचारलं, "काढू काय कापड?" ते आबांबरोबर लग्नाच्या तारखांचं बोलत बसले होते. म्हणाले, "उद्या काढू गो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आय आली. मामाचा पाय बांधला होता, जिवाला धोका नव्हता. ती मोकळ्या चेहऱ्याने अंगणात शिरली, आणि शिरताच थांबली. "कसला वास येतोय?" मग तिला झाकण लावलेली पेटी दिसली. ती धावली. खटका उघडताच आतून पिवळट धूर वर आला आणि ती मागे सरली. मोठीआय किंचाळली, दादांनी हंडा आणून ओतला, चर्र आवाज झाला. आयने वाफ संपायची वाट बघितली नाही. हात घालून घडी बाहेर ओढली. वरचा पदर नुसता तपकिरी झाला होता, पण आत, घडीच्या पोटात, सगळं काळं. ती उलगडायला गेली तर जिथे जिथे दुमड होती तिथे तिथे कापड सुटून तिच्या हातात आलं. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा निघावा तसे तुकडे. तिने ते जमिनीवर एकाला एक लावून बघितले. तिची बोटं भाजली होती, तिला कळत नव्हतं.

आबा शांतपणे जवळ आले, जणू आदल्या सकाळी ते तिथे नव्हतेच. "ओल्या कापडाची घडी घातली? कुनी?"

दादा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. आता ते सांगतील, असं मला वाटलं. आबा त्यांना मारणार नव्हते, घराबाहेर काढणार नव्हते. फार तर पुन्हा एकदा नुसते बघणार होते. दादांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तीच जाताना ठेवून गेली. घाईत होती."

आयने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं. ती आठवून बघत होती. निरोप आला, कापड ओढलं, पेटीवर टाकलं, त्यापुढचं तिला दिसत नव्हतं, कारण ती रडत होती. मग ती माझ्याकडे वळली. घरातल्या कोणावर तिचा भरवसा असेल तर तो माझ्यावर होता.

"सुमे," ती म्हणाली, "मी घडी घातली काय गो?"

कुसुम दारात उभी होती. पावसाआधी उरकायचं म्हणून लग्न पंधरा दिवसांवर धरलं होतं, आणि मला नवरीमागे कलवरी म्हणून मिरवायचं होतं. खरं सांगितलं असतं तर? आयने दुसरं कापड मिळवलं असतं, ती मिळवणारच होती, आणि मला पावसाचे चार महिने त्या पेटीत काढावे लागले असते. दादा वाचावेत म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे.

"हो, आये," मी म्हणाले. "तूच घातलीस."

तिने मान हलवली, जशी एखादी बाई बाजारात चुकीचं माप पदरात पडल्यावर स्वतःशीच हलवते. "माझाच येडेपना," ती म्हणाली. तुकडे गोळा केले, लुगड्याला हात पुसले आणि आबांनी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात गेली. आतून किल्ल्यांचा आवाज आला आणि मोठीआयचं बोलणं, तांदूळ निवडायचेत म्हणून. संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "मोठीच्या हाताला चव हाय." भात आयने केला होता, दोन बोटांना चिंध्या गुंडाळून.

चार दिवसांनी दादांनी मला पनवेलहून नव्या चपला आणल्या. मी मागितल्या नव्हत्या. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुसुमच्या लग्नात मी त्या घालून मिरवले. त्या कापडाविषयी आम्हा बापलेकींत पुन्हा एक शब्द झाला नाही. दादांविषयी माणसं शेवटपर्यंत म्हणाली, फार सरळ गृहस्थ. मीही त्यांच्या तेराव्याला आलेल्यांना चहा देत तेच ऐकून घेतलं. वेगळ्या चुलीचं नाव आयने पुन्हा काढलं नाही. जमिनी गेल्या, घर पाडलं, आबांच्या नातवाने तिथे सात मजले चढवले. परसवाची खोली होती तिथे आता गाड्या उभ्या असतात.

दादा गेल्यावर मी तिला एकदा सांगायला गेले होते. "आये, ती घडी..." एवढंच बोलले. तिने माझ्या हातावर थोपटलं. "जाऊ दे गो. माणूस चुकतं. तू लहान होतीस, तुला माझ्यापायी केवढी लाज वाटली असंल." ती मलाच समजावत होती. मी गप्प बसले. त्या वेळी माझं वय पंचेचाळीस होतं, म्हणजे त्या गप्प बसण्याला लहानपणाचं निमित्त नाही.

त्या दुपारनंतर आयचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. हे हळूहळू लक्षात आलं. कडी लावून चार पावलं गेली की परत येऊन कडी बघायची. दाभण हातात घ्यायची नाही, म्हणायची, माझं ध्यान नसतं. शेवटची सहा वर्षं ती माझ्याकडे, इथे उलव्याला होती. रोज सकाळी ओट्याशी उभी राहून स्वयंपाक तीच करायची, आणि रोज पातेल्यात डाव घालून थांबायची, मला हाक मारायची. "सुमे, मी मीठ टाकलं काय गो?" मी कधी पाहिलेलं असायचं, कधी नसायचं. पेपरातून मान वर न करता मी म्हणायचे, "टाकलंस." मग ती पातेल्यावर झाकण ठेवायची. चव घेऊन बघावी, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. मी सांगितलं म्हणजे झालं.